नवा लॅपटॉप ‘रुळेल’ म्हणून किती दिवस थांबायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: घरी बसून भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी वर्षभर पैसे बाजूला टाकून अकरा दिवसांपूर्वी नवा लॅपटॉप घेतला. तिसऱ्या दिवसापासून झाकण थोडे मागेपुढे केले की स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून आडवे पट्टे उठतात, स्क्रीन लुकलुकते आणि झाकण एका ठरावीक कोनात आणले की सारे शांत होते. शिवाय झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप दोनदा जागाच झाला नाही. बटण दाबून धरून तो बंद करावा लागला. दुकानदार म्हणाले, “नवीन आहे, अपडेट होऊ द्या, आठवडाभरात रुळेल.” धाकट्या दिरांनी विंडोज पुन्हा टाकून दिले, तरी फरक पडला नाही. नग बदलून देण्याची मुदत १४ दिवसांची आहे. झाकण जोराने उघडल्यामुळे आपल्याच हातून काही बिघडले असेल का, दुरुस्तीला दिला तर नव्याचे पैसे मोजून जुनी वस्तू पदरात पडल्यासारखे होणार नाही का, आणि एवढ्याशा गोष्टीवरून भांडण उकरून काढावे का, असे तीन प्रश्न त्यांना पडले आहेत. जुना लॅपटॉप विकायला काढला असून गिऱ्हाईकही ठरले आहे, असे त्यांनी ताजा कलम म्हणून जोडले आहे.

उत्तर:

तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळींत कळवले होते की बाकी काही करा अगर करू नका, पण मुदत संपण्याच्या आत तक्रार लेखी स्वरूपात दुकानदाराकडे आणि कंपनीकडे पोहोचवा. ती तुम्ही पोहोचवली असेल असे धरून हे सविस्तर उत्तर लिहितो आहे. अशाच अडचणीत सापडलेल्या इतरांची पत्रेही माझ्या टेबलावर आहेत, त्यामुळे मधूनमधून तुमच्या प्रश्नाच्या थोडे पलीकडे जाईन.

सुरुवात ‘रुळेल’ या शब्दापासून करू. नवी चप्पल रुळते, नवे कुलूप रुळते, कारण वापराने त्यांची झीज होऊन ती आपल्या जागी बसतात. लॅपटॉपमध्ये तसे रुळण्याजोगे फारसे काही नसते. नव्या लॅपटॉपवर पहिले एक-दोन दिवस अपडेट उतरतात, फायलींची सूची तयार होत असते, त्यामुळे पंखा जास्त फिरतो आणि यंत्र किंचित संथ वाटते. तेवढे मात्र आपोआप निवळते. पट्टे उठणे निवळत नाही. उलट ढिला सांधा प्रत्येक उघडझापीबरोबर आणखी ढिला होत जातो. तेव्हा दुकानदारांचे म्हणणे लबाडीचे होते असे मी म्हणणार नाही, कदाचित दिवसातून दहा गिऱ्हाइकांना ते हेच सांगत असतील आणि त्यांतल्या आठांचे खरोखर भागत असेल. पण तुमच्या तक्रारीला ते लागू पडत नाही, आणि त्या एका वाक्याने तुमच्या १४ दिवसांतले आठ दिवस खाल्ले.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण पत्रात सर्वांत जास्त जागा त्यानेच घेतली आहे. झाकण जोराने उघडले म्हणून हे झाले का? लॅपटॉपच्या झाकणातील स्क्रीनकडे जाणारी केबल बिजागरीच्या कडेने वर जाते. झाकण जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा ती वळते, आणि हे गृहीत धरूनच तिची जागा, लांबी आणि वळण ठरवलेले असते. झाकण हजारो वेळा उघडले-मिटले जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे फार तर पंधरा-वीस उघडझापींनंतर, ती केबल कुरकुरू लागली, तर ती जोडताना नीट बसली नसावी, चिमटली गेली असावी किंवा तिच्या टोकाच्या कनेक्टरमध्येच दोष असावा, हे अनुमान सर्वांत जवळचे आहे. लॅपटॉप पडला असता, त्याच्यावर वजन आले असते किंवा पाणी सांडले असते, तर गोष्ट वेगळी होती. तसे काही झाल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. विजेच्या उपकरणांचे बिघाड कालक्रमाने मांडले तर सुरुवातीच्या दिवसांत एक उंचवटा दिसतो, मग बराच काळ सपाट जातो आणि आयुष्याच्या शेवटी पुन्हा चढ लागतो. तो पहिला उंचवटा कारखान्यातून सदोष निघालेल्या नगांचा असतो. तुमचा नग तिथे बसतो आहे.

तरीही अनुमानावर विसंबू नका, कारण समोरचा माणूस ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल’ असे म्हणणारच आहे. दहा मिनिटांची एक तपासणी करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, सुरू करताना एफ-२ किंवा डिलीट यांपैकी तुमच्या मॉडेलला लागू असलेली कळ दाबत राहा आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमच्या, पानावर या. त्या पानावर विंडोज सुरूच झालेले नसते आणि विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र सांभाळणारा प्रोग्रॅमही, भरलेला नसतो. आता झाकण दोन बोटांनी हळूच मागे न्या, पुढे आणा. पट्टे इथेही उठले, तर विंडोज, अपडेट, ड्रायव्हर आणि तुमच्या दिरांनी घेतलेले सारे कष्ट या प्रकरणातून बाहेर पडले. त्यानंतर एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकत असताना बाहेरचे चित्र स्थिर राहिले, तर ग्राफिक्स चिप बहुधा निर्दोष आहे आणि दोष केबल, स्क्रीन किंवा त्यांच्या सांध्यात आहे. झाकणाच्या कोनाप्रमाणे बदलणारा दोष यांत्रिक असतो, एवढे साधे सूत्र सर्व्हिस सेंटरमधला माणूसही नाकारणार नाही.

ही तपासणी करताना दुसऱ्या फोनवर चित्रण करा. चित्रण एकसलग असावे. आधी लॅपटॉप उलटा करून तळाच्या लेबलवरचा सिरीयल नंबर वाचता येईल असा दाखवा, मग तसाच कॅमेरा चालू ठेवून लॅपटॉप सरळ करा, सुरू करा, बायोसचे पान येऊ द्या आणि झाकण हलवा. मध्ये कापाकापी नको. हे सांगतो आहे ते ठेच लागल्यामुळे. माझ्या एका लॅपटॉपचा स्पेसबार तासभर वापरानंतर यंत्र तापले की दोन-दोन जागा सोडू लागे. मी तो घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तिथे पोहोचेपर्यंत यंत्र थंड झाले होते, आणि काउंटरवरच्या मुलाने शांतपणे अर्धे पान बिनचूक टाइप करून दाखवले. पावतीवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन मी घरी परतलो. दुसऱ्या खेपेला चित्रण दाखवले आणि ‘तासभर चालवून मग तपासावे’ अशी ओळ तक्रारीत घालायला लावली. कीबोर्ड बदलून मिळाला. अधूनमधून दिसणारा दोष कोणत्या परिस्थितीत दिसतो हे लिहून दिल्याशिवाय तो दुसऱ्याला दिसत नाही.

तुमची दुसरी तक्रार, लॅपटॉप झोपेतून न उठण्याची, मी मुद्दाम वेगळी काढली आहे, आणि तुम्हीही तक्रारीत ती वेगळ्या परिच्छेदात लिहा. तिच्याबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. बायोस जुने असणे, ड्रायव्हरचे न जमणे, एखादे जोडलेले उपकरण, सदोष रॅम, अशा अनेक कारणांनी असे होते. इथे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत करून पाहण्याचा सल्ला रास्त आहे. फक्त, स्क्रीन लुकलुकत असताना बायोस अपडेट करायला बसू नका. मध्येच काही दिसेनासे झाले आणि घाबरून बटण दाबले गेले तर नवेच संकट ओढवेल. रॅमची शंका असेल तर विंडोजमधले मेमरी डायग्नॉस्टिक चालवा, किंवा मेमटेस्ट-८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा. तिथे एक जरी चूक दिसली तरी ती दोष म्हणून धरावी. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल आणि कुणीतरी ती दाखवून पॉवर सप्लायला दोष देईल. ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले, आणि ते तर तुम्हीच बटण दाबून केले होते. नोंदीवरून कारण कळत नाही, पण तारखा आणि वेळा मात्र कळतात, त्यामुळे त्या पानाचा फोटो जपून ठेवा.

दोन तक्रारी एकत्र कालवल्या की होते असे: सर्व्हिस सेंटर सोपी तक्रार उचलते, विंडोज पुन्हा टाकते, ‘काम पूर्ण’ असा शेरा मारते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आता दुरुस्तीबद्दलची तुमची नाराजी. नव्याचे पैसे देऊन जुने पदरात पडल्यासारखे वाटते, ही भावना मला समजते, तरी तुम्ही जरा तपासून पाहावे असे एक गृहीतक तिच्यात आहे. बदलून मिळालेला नग निर्दोष आणि दुरुस्त केलेला नग डागाळलेला, असे तुम्ही धरून चालला आहात. केबल नीट बसवणे किंवा बदलणे हे जाणत्या हातांचे एका बैठकीचे काम आहे आणि त्यानंतर यंत्र पूर्ण आयुष्य जगू शकते. उलट बदलून आलेला नग त्याच लॉटमधला असेल तर तोच दोष घेऊन येऊ शकतो. दोष एका नगापुरता नसून रचनेत किंवा साहित्यात असण्याची उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत घडलेली आहेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सेलच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, कारण सेलमध्ये राहून गेलेल्या धातूच्या कणांमुळे आत शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. २००८ मध्ये एनव्हिडियाने मान्य केले की लॅपटॉपमधल्या तिच्या काही ग्राफिक्स चिपच्या जोडणीत वापरलेले साहित्य कमकुवत होते. तापणे आणि थंड होणे यांच्या फेऱ्यांनी ते सांधे तडकत. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने एका नव्याकोऱ्या चिपसेटची रवानगी थांबवली, कारण त्याचे काही सॅटा पोर्ट, म्हणजे हार्ड डिस्क जोडण्याच्या जागा, काळाच्या ओघात क्षीण होत होते. अशा प्रकरणांत तसाच दुसरा नग घेऊन उपयोग नव्हता. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या इतर खरेदीदारांना बिजागरीपाशी हाच त्रास होतो आहे का, ते आधी पाहा. तसे दिसले तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागू नका. पैसे परत मागा किंवा फरक भरून वेगळे मॉडेल घ्या.

तसे दिसले नाही, तर माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही बदलीच्या मुदतीत आहात, म्हणून बदलीच मागा. दुरुस्ती वाईट असते म्हणून नव्हे, तर मुदतीतला हक्क एकदा सोडला की परत मिळत नाही म्हणून. ‘आधी दुरुस्त करून बघू, नाही झाले तर बदलून देऊ’ असे तोंडी सांगितले गेले तर हसून म्हणा, “चालेल, तेवढे ईमेलवर लिहून द्या.” दुरुस्तीला सात दिवस लागले आणि मुदत तीन दिवसांत संपली, तर तोंडी शब्दाचे काय होते ते सांगायला नको. मुदत निघून गेलेल्या वाचकांनी मात्र बदलीसाठी हटून बसण्यात आठवडे घालवू नयेत; वॉरंटीखाली दुरुस्ती घ्यावी, प्रत्येक खेपेचा कागद जपावा, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला तर त्या कागदांच्या आधारे बदली मागावी. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत सुटे भाग ‘नवे किंवा नव्यासारखे’ असतील असे लिहिलेले असते, ते वाचून ठेवा, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. बदलून दिलेला नग सीलबंद नवा आहे की दुरुस्त करून पुन्हा पॅक केलेला, हेही लेखी विचारून घ्या.

कागदावरून आठवले. लॅपटॉप जमा करताना मिळणाऱ्या जॉब शीटवर तक्रारीच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढेच लिहितात. सही करण्यापूर्वी तिथे तुमचे पूर्ण वाक्य लिहायला लावा: ‘झाकणाचा कोन बदलल्यावर खालच्या डाव्या बाजूने पट्टे उठतात, बायोसमध्येही उठतात, बाहेरच्या मॉनिटरवर उठत नाहीत.’ यंत्राची बाहेरून अवस्था काय आहे, ओरखडा आहे की नाही, तेही त्याच कागदावर नोंदवून घ्या, आणि चारही बाजूंचे फोटो काढा. ‘वापरकर्त्याकडून नुकसान’ हा शेरा नंतर आला, तर हेच फोटो बोलतील. वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजली आहे तेही कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून पाहा. काही वेळा ती माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते. बिल पाठवून ती खरेदीच्या तारखेवर आणून घेता येते.

लॅपटॉप हातातून सोडण्यापूर्वी तुमच्या कामाच्या फायली दुसरीकडे उतरवा. तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे मजकूर आहेत, तेव्हा शक्य असेल तर उतरवून झाल्यावर यंत्र रिसेट करूनच द्या. रिसेट करता येण्यासारखे नसेल, तर बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हचे एनक्रिप्शन तुम्हाला न विचारताच सुरू झालेले असते, आणि मदरबोर्ड बदलला की यंत्र ती की मागते. की नसेल तर फायली गेल्या. विंडोजसाठी वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा सापडते. आणि तळाचे झाकण स्वतः उघडू नका, दिरांनाही उघडू देऊ नका. त्यांची हौस आणि माया दोन्ही खरी आहे, पण एखादा स्क्रू ओरखडला तरी समोरच्याच्या हाती आयते कारण पडते. खोके, थर्माकोल, चार्जरची पिशवी, सारे जसेच्या तसे ठेवले आहे ना?

यंत्र परत आले की तिथेच, काउंटरवर, झाकण दहा वेळा उघडून मिटून पाहा. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोसमध्ये दिसणारा सिरीयल नंबर तळाच्या लेबलशी जुळतो का तेही पाहा. तो जुळला नाही तर पुढे वॉरंटीच्या वेळी त्रास होतो.

इतर वाचकांच्या पत्रांतील दोन गोष्टींना इथेच उत्तर देतो. स्क्रीनवर एकच ठिपका काळा किंवा सतत पेटलेला दिसतो, बदलून मिळेल का, असे एकाने विचारले आहे. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येकात तीन उपठिपके. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकात यासाठी वर्ग पाडले होते, आणि त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन सतत पेटलेले, दोन सतत विझलेले आणि पाच सदोष उपठिपके चालतील असे धरले होते. २००८ पासून त्याची जागा नव्या मानकाने घेतली, पण विचार तोच राहिला. म्हणून एका ठिपक्यावर वॉरंटी बहुधा मिळत नाही. मुदतीत असाल तर बदली मागा, मुदत गेली असेल तर मनावर घेऊ नका. दुसऱ्या पत्रात टचपॅड एका बाजूने वर आल्याचे लिहिले आहे. ही मात्र थांबण्याची गोष्ट नाही. त्याखाली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब बंद करा, टचपॅड दाबून बसवू नका आणि यंत्र न वापरता सर्व्हिस सेंटरला कळवा.

तुमचा तिसरा प्रश्न भांडणाचा होता. तक्रार आणि भांडण या दोन गोष्टी तुम्ही एकाच ओळीत लिहिल्या आहेत. बिल क्रमांक, सिरीयल नंबर, दोष दिसल्याची तारीख, केलेल्या दोन तपासण्या, चित्रणाची फाइल आणि ‘मला नग बदलून हवा आहे’ हे एक वाक्य, एवढा मजकूर सहा ओळींत मावतो. त्यात राग नाही, आरोप नाही, विनवणीही नाही. सारे आयुष्य दुसऱ्यांची वाक्ये नेमकी उतरवण्यात घालवणाऱ्या व्यक्तीला या सहा ओळी जड जाऊ नयेत. दुकानदारांशी असलेले बोलणे-चालणे त्यामुळे बिघडेल असे मला वाटत नाही. अशी नीट लिहिलेली तक्रार त्यांनाही वरच्या वितरकाकडे पुढे पाठवायला सोपी जाते. उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी त्याच ईमेलखाली आठवण द्या, नवा ईमेल सुरू करू नका, म्हणजे सगळा पत्रव्यवहार तारखेनिशी एका जागी राहील. तरीही टाळाटाळ झाली तर ग्राहक संरक्षणाच्या यंत्रणेकडे जाताना तोच धागा छापून न्यायचा आहे.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. ठरलेल्या गिऱ्हाइकाला सांगा की जुना लॅपटॉप महिनाभर उशिरा मिळेल. नवा नग किंवा दुरुस्त नग हातात येऊन तो दोन आठवडे विनातक्रार चालेपर्यंत तुमचे काम त्या जुन्यावरच करायचे आहे, आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर हे गिऱ्हाईक सोडा.